बारीक आवाजाचा वेताळ

पडद्यावर मला पहिल्यांदा वेताळ झालेला पाहिलं आणि आईनं घरी आल्या आल्या मीठमोहऱ्या माझ्यावरून उतरून चुलीत टाकल्या. "एवढ्या माणसांनी बघितलं माज्या लेकराला," ती म्हणाली. सिनेमाच्या तंबूत बायका पोरांच्या डोळ्यांवर हात ठेवत होत्या, गडीमाणसं उगाच खोकत होती, आणि आमच्या आईला काळजी कसली, तर मला दृष्ट लागेल याची. वेताळाची दृष्ट काढणारी बाई सगळ्या शहापुरात ती एकटीच असेल.

आप्पांचं तसं नव्हतं. आप्पा म्हणजे माझे वडील. बेळगावला लागून असलेल्या शहापूरच्या आमच्या बोळात पाचसहा घरांत हातमाग होते, त्यात आप्पांचा माग सगळ्यांत जुना. ते सिनेमाला आले हेच मोठं. दुसऱ्या दिवशी सकाळी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले, आडवं सूत नेणारा धोटा हातात घेतला आणि मग मला विचारलं, "ह्यात तुजं काय रं?"

मला कळेना. मी म्हटलं, "म्हणजे?"

"तोंड देवानं दिलं. रंग त्येंनी लावला. कुठं हुबा ऱ्हायाचं, कुठं पडायचं, ते बी त्येंनीच सांगितलं. तुजं काय त्यात?"

उत्तराची वाट न बघता त्यांनी धोटा सोडला. खटक-खट, खटक-खट सुरू झालं आणि आमचं बोलणं संपलं. मला त्यांचा असा राग आला म्हणता! चार गावची माणसं माझ्या नावानं चळचळ कापत होती आणि आमचे वडील विचारत होते, तुझं काय. पण राग येतो तो खोट्या बोलण्याचा कमी आणि खऱ्या बोलण्याचा जास्त, हे मला तेव्हाही आतून कळत होतं. तो प्रश्न माझ्या पायात काट्यासारखा पुढं कित्येक वर्षं राहिला.

आप्पांचा हात विणताना थांबत नसे. यामागं कारण होतं. हातमागावर मध्येच थांबलं की पुन्हा सुरू करताना फणीचा ठोका जरा वेगळा बसतो आणि कापडात तिथं एक बारीक आडवी रेघ उमटते. कितीही धुवा, जात नाही. बाकीच्यांच्या लुगड्यांत ती सापडायची, पेठेतला दुकानदार कापड उन्हाकडं धरायचा आणि तोंड वाकडं करायचा. आप्पांचं लुगडं तो न उलगडता घ्यायचा. उठायचंच झालं तर आप्पा पट्ट्याचा रंग बदलतो तिथं उठत, म्हणजे रेघ रंगात लपून जाई. मधल्या वेळात दारावरनं वरात जावो नाहीतर गोरा साहेब जावो, आई भाकरी गार झाल्या म्हणून कितीही ओरडो, हात चालूच. मी जन्मलो तेव्हाही ते आधी पट्टा पुरा करून मगच मला बघायला आले, असं आई सांगायची. सांगताना तिच्या नाकाला अजून मिरच्या झोंबलेल्या असायच्या.

मीही विणकरच व्हायचो. पण माझे पाय खड्ड्यात मावेनात. सोळाव्या वर्षीच मी दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढा वाढलो. वर डोळे खोल गेलेले, गालफडं बसलेली, आणि दात पुढं. मागावर बसलो की गुडघे छातीला लागत आणि धोटा हनुवटीला. शेवटी आप्पांनी मला लुगडी पोचवायच्या कामाला लावलं. तीच लुगडी घेऊन मी कोल्हापूरला एका सिनेमा कंपनीत गेलो. त्यांना राणीसाठी शहापुरी लुगडं हवं होतं. मी गठडी सोडली, पण दिग्दर्शक लुगड्यांकडं बघेचना. माझ्याभोवती एक फेरी मारून ते म्हणाले, "लुगडी घेऊन जा, माणूस ठेवून जा."

तसा मी वेताळ झालो. मग झोटिंग, मग समंध, मग ब्रह्मराक्षस. मूकपटांचे दिवस होते ते. भुतांना तर फारच बरे दिवस. शूटिंग सूर्याच्या उजेडात चालायचं, त्यामुळं आमची अमावास्या भर दुपारी बाराला व्हायची. करवंटी घासून केलेले सुळे तोंडात, अंगभर राख आणि काजळी, वर ऊन असं की राखेतून घामाचे ओघळ यायचे. दिग्दर्शक कर्णा लावून ओरडायचे, "थंडी वाजतीय! स्मशानात आहेस!" आणि मी घामानं निथळत कुडकुडायचो. मला ते काम मनापासून आवडायचं. आयुष्यभर ज्या तोंडाला लोक हसले, त्याच तोंडाला ते आता घाबरत होते. माझी छाती फुगायची, खोटं कशाला सांगू?

निपाणीला तंबाखूच्या हंगामात तंबू लागायचा. बाजाराला आलेली खेड्यापाड्यांची माणसं, कानडी बोलणारी, मराठी बोलणारी, दोन्ही एका दमात बोलणारी, सगळी रात्रीच्या खेळाला थांबायची. तंबूच्या मालकानं एकदा कंपनीकडं मागणी केली की वेताळच पाठवून द्या, दारात उभा करतो. रंगवायला फार वेळ लागतो म्हणून मला कोल्हापूरलाच रंगवून सर्व्हिस मोटारीत बसवलं. कोगनोळीपाशी कोल्हापूर संस्थानची हद्द संपायची. तिथल्या नाक्यावरचा शिपाई रोज प्रत्येकाच्या पिशव्या उलट्या करायचा. त्या दिवशी त्यानं मोटारीत डोकं घातलं, मला बघितलं, आणि एकही पिशवी न उघडता दांडा वर केला. ड्रायव्हर निपाणीपर्यंत हसत होता.

निपाणीत मात्र भलतंच झालं. तंबूच्या दारात मी दुपारपासून उभा. तोंडात सुळे असल्यामुळं खाता येत नव्हतं. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही. आणि बघतो तो, बायका येऊन माझ्यासमोर उतारे ठेवायला लागल्या. पत्रावळीवर दहीभात, वर गुलाल, बाजूला लिंबू. आमच्याकडं कुणी आजारी असलं की असा उतारा आजाऱ्यावरून ओवाळून गावाच्या तिठ्यावर ठेवतात, म्हणजे ज्यानं धरलंय तो तिथं जेवतो आणि सोडून जातो. इथं तर धरणारा स्वतःच पेठेत उभा होता. तिठ्यापर्यंत जायचं कशाला? बायांनी सरळ माझ्या पायांशी पत्रावळी मांडल्या.

दहीभात चांगला मऊ कालवलेला होता. मी एक पत्रावळ उचलली, तंबूच्या मागं गेलो, सुळे काढून मांडीवर ठेवले, गुलाल बाजूला केला आणि हाणला. शेवटचा घास तोंडात असताना वर बघतो तर एक म्हातारी समोर उभी. पत्रावळ तिचीच असावी. ती भ्याली नाही. हात जोडून म्हणाली, "जेवलास न्हवं? पोट भरलं? मग आता सोड माज्या नातवाला."

मी तोवर पडद्यावर कितीतरी माणसं धरली होती आणि गिळली होती, पण मला कुणी कधी काही विचारलं नव्हतं. मूकपटात विचारायची सोयच नसते. त्या म्हातारीच्या पुढं मी दहीभाताच्या हातानं बसलो होतो आणि आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, आपल्याजवळ एक चांगलं वाक्य पाहिजे होतं. ते नव्हतं. मी कसंबसं म्हटलं, "सोडला, आजी."

म्हातारीनं मान तिरकी केली. माझा आवाज तेव्हाही असाच होता, बारीक, पिपाणीसारखा. "आवाज लई बारीक हाय रं तुजा," ती म्हणाली. "लई दिस उपाशी हैस व्हय?" आणि कनवटीचे शेंगदाणे काढून माझ्या हातावर ठेवून गेली. वेताळ उतारा जेवला ही बातमी बाजारभर झाली. तंबूचा मालक खूश. दुसऱ्या दिवशी दारात दहीभाताची रांग लागली आणि मला परत जाताना मोटारीत बसवेना एवढं पोट भरलं. शेंगदाणे मात्र मी खाल्ले नाहीत. का, ते मला सांगता येणार नाही.

मग बोलपट आले आणि माझे ग्रह फिरले.

पहिल्या बोलपटात मी ब्रह्मराक्षस. वाक्य एकच, "कोण आहे तिकडे?" बेळगावात तो लागला तेव्हा मी आईला आणि बायकोला घेऊन गेलो. तोवर माझं लग्न झालं होतं. बायको हिंडलग्याच्या शेतकऱ्याची मुलगी. दाखवायच्या वेळी सासऱ्यांनी माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं होतं, "सुळं काढता येत्यात न्हवं?" तर असे आम्ही तिघं थेटरात बसलो. पिंपळ हलला, वारा सुटला, लोकांनी श्वास रोखला. मी पिंपळावरून उतरलो, सुळे काढले बाहेर आणि म्हटलं, "कोण आहे तिकडे?"

थेटर कोसळलं. हसून हसून माणसांची मुरकुंडी वळली. मागून कुणीतरी ओरडलं, "आरं पिपाणी, खाली ये!" पुढं मी तिघांना गिळलं तरी हसणं थांबेना. आई पदर तोंडाला लावून रडत होती. बायकोनं अंधारात माझा हात धरला तो खेळ संपेपर्यंत सोडला नाही. कंपनीनं मला महिन्याभरात निरोप दिला. दिग्दर्शक भले होते, त्यांना वाईट वाटलं. "देवानं भुताचं तोंड दिलं आणि कीर्तनातल्या पोराचा गळा," ते म्हणाले.

शहापुरात परत आलो तेव्हा बोळातली पोरं मला पिपाणी म्हणायला लागली होती. आप्पांना तर काही बोलायची गरजच नव्हती. तोंड देवाचं, रंग कंपनीचा, आणि जे एक माझं स्वतःचं होतं, तो आवाज, त्यावर जग हसलं होतं. मी घरात बायकांसारखा धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरत बसायचो. बायकोनं ते काही दिवस बघितलं. मग एका दुपारी कांडी माझ्या हातातून काढून घेत ती म्हणाली, "एवढी वर्सं भुतं झालासा. एकाला तरी इचारलासा का, बाबा, तू भूत का झालास?"

मी हसलो. पण रात्रभर ते माझ्या डोक्यात घोळत राहिलं. आणि ती म्हातारी आठवली. सकाळी मी बोरू घेऊन बसलो आणि लिहायला लागलो.

पहिल्या गोष्टी वाईट होत्या. पुण्याच्या मासिकात शोभतील अशा लिहायला गेलो, त्यामुळं माझी भुतं संस्कृत बोलायला लागली. त्या साभार परत आल्या, आणि बरंच झालं. मग मी निपाणीची गोष्ट लिहिली, पण वेताळाच्या बाजूनं. कुणाला कधीही न धरलेला, नुसता भुकेला, तिठ्यावर उभा असलेला वेताळ. एक म्हातारी उतारा ठेवते, तो खातो, आणि ती म्हणते, जेवलास, आता सोड. आता ज्याला धरलंच नाही, त्याला सोडायचं कसं? माझी माणसं निपाणीच्या पेठेत बोलतात तशीच त्यात बोलली. भूतही तसंच बोललं.

ती छापून आली. मग दुसरी आली, तिसरी आली. मग त्यांचं पुस्तक झालं, आणि बेळगावच्या वाचनालयात ते घ्यायला नंबर लावावा लागायला लागला. चळवळीत हिंडलग्याच्या तुरुंगात जाऊन आलेला एक तरुण मला मुद्दाम भेटायला आला. बराकीत माझं पुस्तक पानं सुटेपर्यंत फिरलं, तो म्हणाला, आणि ज्या पानांवर म्हातारी आहे ती परत मिळालीच नाहीत. एक निपाणीचे व्यापारी, घरात कानडी बोलणारे जैन गृहस्थ, रस्त्यात मला थांबवून म्हणाले, "तुमचं भूत आमच्या घरी कन्नडातनं सांगतो मी मुलांना. चालतं न्हवं?" चालतं म्हणजे काय! मी त्या दिवशी घरी चालत आलो की उडत आलो, मला आठवत नाही. आता बोळातल्या त्याच पोरांनी मला पिपाणी म्हटलं तर मी ओ द्यायचो.

आप्पांना मात्र वाचता येत नव्हतं. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, बांधणी तपासली, शिवण ओढून बघितली आणि "बरं हाय" म्हणून परत दिलं. वाचून दाखव म्हणाले नाहीत. मीही वाचलं नाही. सगळं जग टाळ्या वाजवत होतं आणि मला हवा होता तो एकच माणूस धोटा मारत होता. शिवाय माझी भीती वेगळीच होती. कागदावर माझा आवाज कुणाला ऐकू येत नव्हता. आप्पांसमोर वाचायचं म्हणजे त्या आवाजात वाचायचं.

श्रावणात आमच्या बोळात मागावर पोथी लावायची रीत होती. आमच्या घराच्या पडवीत चार माग एका ओळीत होते, एक आप्पांचा, बाकीचे शेजाऱ्यांचे. विणकर विणायचे आणि एकजण खांबाला टेकून पोथी वाचायचा. वाचणारे गृहस्थ भारदस्त, आवाज घुमटातून यावा तसा. पण तो आवाज आणि मागांचा खडखडाट एकाच पट्टीतला, त्यामुळं कुणालाच काही ऐकू यायचं नाही. पोथी सगळ्यांना पाठ होती म्हणून चालून जायचं. स्वातंत्र्याच्या आदल्या श्रावणात त्यांना हिवतापानं धरलं, आणि आईनं कुणालाही न विचारता जाहीर केलं, "माजं लेकरू वाचंल."

नाही म्हणायला तोंड उघडलं तोवर पोथी माझ्या मांडीवर होती. मी वाचायला लागलो. दुसऱ्या ओवीला पलीकडच्या टोकाचा म्हातारा विणकर चमकून वर बघायला लागला. "आयला," तो ओरडला, "सबुद न सबुद ऐकाय येतोय की रं!" माझा बारीक आवाज त्या खडखडाटातून सुई कापडातून निघावी तसा पार पलीकडं निघत होता. तीस वर्षं त्या पडवीत पोथी वाचली जात होती आणि ती त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली गेली. अध्याय संपल्यावर तोच म्हातारा म्हणाला, "आता तुजं कायतरी वाच. लोक लई बोलत्यात."

मी आप्पांकडं बघितलं. ते खाली मान घालून विणत होते. हिरवा पट्टा चालू होता, नुकताच सुरू केलेला. हे हसले तर पुन्हा लिहायला बसणं होणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. बायको आतून पुस्तक घेऊन आली आणि पान उघडून माझ्यासमोर धरलं. तिला पान शोधावं लागलं नाही.

मी वाचलं. तिठा आला, पत्रावळ आली, वेताळ जेवला. चारी माग चालू. म्हातारी हात जोडून म्हणाली, जेवलास न्हवं, आता सोड माज्या नातवाला. एक माग बंद पडला, मग दुसरा. वेताळ विचार करतो, ज्याला धरलंच नाही त्याला सोडू कसा, आणि म्हातारीच्या मागं मागं तिच्या घराकडं जातो. तिसरा माग थांबला. आता नुसता एकच खटक-खट. तो मी जन्मापासून ऐकत आलो होतो. वेताळ दाराबाहेर बसतो, पोराला काही बाधू नये म्हणून राखण करत. आतून म्हातारी विचारते, दारात कोण हाय?

आणि काहीच ऐकू येईना. मला आधी वाटलं, माझे कान गेले. वर बघितलं. आप्पांचा धोटा त्यांच्या हातात होता, हात हवेत होता, आणि ते माझ्याकडं बघत होते. हिरव्या पट्ट्याच्या अगदी मध्यावर. मी ओळ सोडून त्यांच्या हाताकडंच बघत राहिलो.

"थांबलास का रं?" आप्पा गरजले. "वाच की! कोन हाय म्हनाला त्यो?"

मी वाचलं. वेताळ बोलला आणि पोरगं बरं झालं तोवर त्यांनी हात चालवला, थांबवला, पुन्हा चालवला, पुन्हा थांबवला. शेवटाला त्यांनी खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं, एवढं पुसलं की घाम असणार असं आम्ही सगळ्यांनी मानून घेतलं. आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "पोर झालं तवा न्हाय थांबला हात!" तिनं किती वर्षं ते वाक्य जपून ठेवलं असेल!

ते लुगडं आप्पांनी पेठेत दिलं नाही. मागावरून उतरवून घडी घालून माझ्या बायकोच्या हातात ठेवलं. पुढच्या वर्षी शहापुरात तिरंगा लागला त्या सकाळी ती तेच नेसली. चौकात सगळी पेठ लोटली होती. झेंडा वर गेला, जयजयकार झाला, पेढे वाटले. तेवढ्यात आप्पांची लुगडी न उलगडता घेणारा तो दुकानदार, सवयच ती, माझ्या बायकोच्या लुगड्याकडं डोळे बारीक करून बघायला लागला. मग आप्पांजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला, "आप्पा, हिरव्या पट्ट्यात रेघा दिसत्यात. हातनं खोट झाली व्हय तुमच्या?"

मागावर जन्म गेलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. आप्पांनी लांबूनच काठी उचलून रेघा दाखवल्या आणि साऱ्या चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायला लागले, "ह्या रेघंला म्हातारीनं इचारलं, कोन हाय. हितं वेताळ बोलला. आन् हितं पोरगं बरं झालं. खोट कसली म्हनतोस? माज्या पोराचं काम हाय त्यात!"